कृषी पत्रकारितेची पदवी, खिशाला परवडेल अशी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेतीच्या बातम्या लिहिणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे बारावीचे निकाल लागले की ओळखीचे-अनोळखी पालक आणि मुलं-मुली ठरावीक प्रश्न घेऊन येतात. प्रत्येकाला घाईत अर्धवट उत्तर देण्यापेक्षा सगळं एकदा नीट लिहून काढावं, असं बरेच दिवस मनात होतं. हा विषय मला फार जवळचा आहे. या क्षेत्रात चांगली माणसं यायला हवीत, आणि ती कर्जाच्या ओझ्याखाली दबून येऊ नयेत.

कृषी संवाद आणि कृषी पत्रकारिता हे एकच की वेगळे?

बहुतेक ठिकाणी एकाच पदवीत दोन्ही शिकवतात, पण कामं वेगळी आहेत. पत्रकार वाचकाच्या बाजूने प्रश्न विचारतो. संवादक एखाद्या विद्यापीठाचं, सहकारी संस्थेचं, सरकारी खात्याचं किंवा कंपनीचं म्हणणं लोकांपर्यंत पोहोचवतो. दोन्ही कामं प्रामाणिकपणे करता येतात. मात्र आपला पगार कोण देतो आणि आपण कोणासाठी लिहितो, हे स्वतःशी स्पष्ट असावं लागतं. ज्या अभ्यासक्रमात हा फरक पहिल्याच वर्षी समजावून सांगतात, तो मला चांगला वाटतो.

ही पदवी आली कुठून?

मुख्यतः अमेरिकेतून. तिथे १८६२च्या मॉरिल कायद्याने राज्यांना जमिनी दिल्या आणि त्यातून शेती व यंत्रविद्या शिकवणारी सरकारी कॉलेजं उभी राहिली. या कॉलेजांत संशोधन होऊ लागलं, पण ते शेतावर पोहोचेना. आयोवा स्टेट कॉलेजात १९०५ साली कृषी पत्रकारितेचे वर्ग सुरू झाले आणि १९०८ साली विस्कॉन्सिन विद्यापीठात या विषयाचा स्वतंत्र विभाग आला. १९१४च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने कृषी विस्तार सेवेला, म्हणजे संशोधन शेतकऱ्यापर्यंत नेण्याच्या कामाला, कायद्याचा पाया मिळाला. त्यानंतर पत्रकं, वार्तापत्रं, पुढे रेडिओ, असं लिहिणाऱ्या-बोलणाऱ्या माणसांचं काम वाढतच गेलं.

या इतिहासाचा एक धागा आपल्याकडेही येतो. कॅनडात १९४१ पासून शेतकऱ्यांचे रेडिओ गट चालत. ‘वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा’ असं त्यांचं सूत्र होतं. तीच कल्पना युनेस्कोच्या मदतीने १९५६ साली पुणे आकाशवाणीने १५० गावांत राबवून पाहिली. लोक एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करत आणि आपले प्रश्न केंद्राला कळवत. आज समाजमाध्यमांवर आपण ज्याला प्रतिसाद म्हणतो, त्याचं हे जुनं आणि जास्त शिस्तीचं रूप.

चार वर्षं नेमकं शिकवतात काय?

एका हाताला बातमी, मुलाखत, संपादन, छायाचित्रण, ध्वनिमुद्रण, व्हिडिओ, मांडणी, माध्यमांचा कायदा. दुसऱ्या हाताला माती, पिकं, कीड-रोग, पशुपालन, कृषी अर्थशास्त्र. आणि मधे या दोन्हींना जोडणारा विषय: नवी गोष्ट शेतकरी कधी स्वीकारतो, कोणाचं ऐकून स्वीकारतो.

या तिसऱ्या भागाकडे विद्यार्थी दुर्लक्ष करतात, आणि खरी मजा तिथेच आहे. आयोवातल्या दोन शेतकरी वस्त्यांचा अभ्यास करून रायन आणि ग्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी १९४३ साली संकरित मक्याच्या प्रसारावर निबंध प्रसिद्ध केला. बियाण्याची पहिली माहिती बहुतेकांना विक्रेत्याकडून मिळाली होती, पण ते पेरायचं की नाही हे ठरवताना वजन पडलं शेजाऱ्याच्या अनुभवाचं. हे एकदा डोक्यात बसलं की बातमी लिहिण्याची पद्धतच बदलते. शास्त्रज्ञाच्या विधानासोबत आपण आपोआप ते वाण पेरून पाहिलेला माणूस शोधायला लागतो.

पदवीच्या नावात ‘कृषी संवाद’ किंवा ‘कृषी पत्रकारिता’ असायलाच हवं का?

नाही. पैसे वाचवायचे असतील तर ही अट पहिल्यांदा सोडा. या नावाची पदवी मोजक्याच विद्यापीठांत मिळते. नेमकी तीच हवी म्हटलं की निवड अगदी आखूड होते आणि मग दूरचं, महागडं कॉलेज गळ्यात पडतं.

रस्ते तीन आहेत. पहिला थेट या विषयाच्या पदवीचा. ती घराजवळच्या सरकारी विद्यापीठात असेल तर उत्तम. दुसरा रस्ता कृषी पदवीचा आणि नंतर पत्रकारितेच्या छोट्या अभ्यासक्रमाचा. भारतात बहुतेक जण याच वाटेने येतात. इथे कृषी पदवी चार वर्षांची असते, संवादाचे विषय ‘कृषी विस्तार शिक्षण’ या नावाखाली येतात, आणि शेवटच्या वर्षात विद्यार्थी गावात राहून शेतकऱ्यांबरोबर काम करतात. ते महिने लिहिणाऱ्यासाठी सोन्यासारखे असतात, फक्त सोबत वही ठेवायला हवी. तिसरा रस्ता पत्रकारितेची पदवी घेऊन जोडविषय म्हणून शेती घेण्याचा.

नाव शोधतानाही डोळे उघडे ठेवा. हाच अभ्यास कुठे ‘जीवशास्त्रीय विषयांचा संवाद’, कुठे ‘कृषी नेतृत्व आणि शिक्षण’, कुठे ‘विस्तार आणि ग्रामविकास’ अशा पाट्यांखाली चालतो. वर सांगितलेला विस्कॉन्सिनचा विभागसुद्धा आज कृषी पत्रकारितेच्या नावाने ओळखला जात नाही. पाटी वाचून पुढे जाऊ नका, विषयांची यादी मागवा.

आधी शेती शिकावी की पत्रकारिता?

माझं मत स्पष्ट आहे: जे नंतर एकट्याने शिकणं अवघड, ते कॉलेजात शिका. बातमीचा पहिला परिच्छेद कसा लिहायचा हे वृत्तपत्राच्या एखाद्या चांगल्या डेस्कवर वर्षभरात अंगवळणी पडतं. पिकाचं शरीरशास्त्र, प्रयोगाची आखणी, आकड्यांचं गणित हे नोकरी करता करता रात्री वाचून बसवणं फार कष्टाचं. मी पत्रकारितेकडून आले, म्हणून सांगते.

सुरुवातीच्या दिवसांत मी फवारणीवर एक छोटा मजकूर लिहिला होता. औषधाच्या लेबलावर मात्रा हेक्टरी ५०० मिलिलिटर अशी होती. मी घाईत ‘एकरी’ लिहिलं. एक हेक्टर म्हणजे जवळजवळ अडीच एकर. म्हणजे माझं वाचून कोणी फवारलं असतं तर पिकावर अडीचपट औषध पडलं असतं. पीक करपलं असतं, फवारणाऱ्याच्या अंगावर जास्त औषध गेलं असतं, आणि मालात अंश राहिला असता तो वेगळाच. शेजारच्या टेबलावर कृषी पदवीधर सहकारी होती. तिने नुसती नजर टाकली आणि म्हणाली, “हा आकडा जास्त वाटतोय, लेबल आण बघू.” तिला तो आकडा ‘वाटला’, कारण तिने अशा मात्रा हाताने मोजल्या होत्या. मला तो आकडा म्हणजे नुसता आकडा होता. त्या दिवसापासून मी मात्रा, एकक आणि फवारणी ते काढणीमधलं अंतर या तीन गोष्टी लेबल समोर ठेवूनच लिहिते.

कॉलेज खरोखर स्वस्त आहे हे कसं ओळखायचं?

एका वर्षाची फी बघून नव्हे. पदवी हातात पडेपर्यंतचा सगळा खर्च मांडा: सगळ्या वर्षांची फी, प्रयोगशाळा आणि परीक्षा शुल्क, राहणं-खाणं, प्रवास, शेतभेटी, साधनं, आणि इंटर्नशिप दुसऱ्या शहरात असेल तर तिथलं भाडं. त्यातून परत न करायची मदत वजा करा. कर्ज वजा करू नका. कर्ज म्हणजे मदत नव्हे, पुढे ढकललेली फी. जाहिरातपत्रकात दोन्ही एकाच रकान्यात दिसतात आणि लोक फसतात.

उदाहरणादाखल आकडे धरून चला. पहिल्या कॉलेजात वर्षाची फी ६० आणि राहण्याचा खर्च ९०. दुसऱ्यात फी १००, पण घरून जाता येतं आणि प्रवासाला १५ लागतात. फी बघून पहिलं स्वस्त वाटतं. चार वर्षांची बेरीज केली की पहिलं ६०० होतं, दुसरं ४६०.

आणि एक गोष्ट जी सहसा कोणी विचारत नाही: विद्यार्थी ठरल्या वेळेत पदवी पूर्ण करतात का? आवश्यक विषय दर वर्षी शिकवला जात नसेल, तर एका विषयापायी अख्खं वर्ष लांबतं. त्या वर्षाची फी, भाडं आणि न मिळालेला पगार, तिन्ही तुमच्याच खिशातून जातात.

अमेरिकेत शिकायचं ठरवलं तर खर्च कमी करण्याच्या वाटा कोणत्या?

तिथे सरकारी विद्यापीठात राज्यातल्या रहिवाशाला एक फी आणि बाहेरच्याला दुसरी, बरीच जास्त. म्हणून रहिवासी विद्यार्थ्याने आपल्या राज्यातल्या कृषी विद्यापीठापासून सुरुवात करावी. आपल्या राज्यात हा विषय नसेल तर दक्षिणेकडच्या राज्यांमध्ये ‘अकॅडेमिक कॉमन मार्केट’ नावाची व्यवस्था आहे. घरच्या राज्यात न मिळणारी पदवी त्या व्यवस्थेतल्या दुसऱ्या राज्यात रहिवाशांच्या दराने घेता येते. कृषी संवादासारख्या विरळ विषयाला ही सोय अगदी चपखल बसते. पश्चिमेकडे ‘वेस्टर्न अंडरग्रॅज्युएट एक्स्चेंज’ आहे. त्यात सहभागी कॉलेजं रहिवासी दराच्या जास्तीत जास्त दीडपट फी घेतात. मात्र प्रत्येक कॉलेज प्रत्येक विषय यात देतंच असं नाही, यादी तपासावी लागते.

दुसरी वाट म्हणजे पहिली दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या स्थानिक, स्वस्त कॉलेजात, आणि पुढची दोन विद्यापीठात. पैसे खूप वाचतात. पण आपले कोणते विषय पुढे मोजले जातील, हे विद्यापीठाकडून लेखी घ्या. तोंडी “होऊन जाईल” यावर विसंबलात तर तिसऱ्या वर्षी पहिल्या वर्षाचे विषय पुन्हा करायची पाळी येते.

सरकारी मदतीसाठी फाफ्सा हा अर्ज भरावा लागतो. प्रत्येक कॉलेजच्या संकेतस्थळावर निव्वळ खर्चाचा अंदाज देणारं गणकयंत्र ठेवणं तिथे बंधनकारक आहे, ते वापरा. परदेशी विद्यार्थ्यांना मात्र यातलं फार थोडं लागू पडतं. फाफ्साची मदत नागरिकांना आणि ठरावीक दर्जाच्या रहिवाशांनाच मिळते.

युरोपात फी नसते म्हणतात. खरं आहे?

जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही, हे खरं. पण सरसकट नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून दर सत्राला १,५०० युरो घेतं, आणि शेतीसाठी नावाजलेलं होहेनहाइम विद्यापीठ याच राज्यात आहे. शिवाय तिथलं बहुतेक पदवी शिक्षण जर्मन भाषेत चालतं. राहण्याचा खर्च तर आहेच. पत्रकारितेसाठी परक्या भाषेत लिहिण्याइतकी तयारी लागते, नुसती परीक्षेपुरती नव्हे. त्यामुळे पदवी आपल्या भाषेच्या मुलखात आणि परदेश पदव्युत्तर शिक्षणासाठी, हा क्रम मला जास्त शहाणपणाचा वाटतो.

ऑनलाइन पदवी चालेल का?

नोकरी सांभाळून शिकणाऱ्याला, किंवा शेतावरच राहणाऱ्याला, जरूर. लेखन, संपादन, कायदा, आकडेवारी हे घरबसल्या शिकता येतं. मातीचा वाफसा, रोगट पान आणि अन्नद्रव्याच्या कमतरतेने पिवळं पडलेलं पान यातला फरक, गाईचं आजारपण, हे पडद्यावर कळत नाही. म्हणून प्रत्यक्ष कामाचा भाग कुठे आणि कोणाच्या देखरेखीखाली होणार, हे विचारा. उत्तर गोलमोल आलं तर अर्ज करू नका.

मान्यता कशी तपासावी?

कॉलेजच्या पत्रकावर नव्हे, मान्यता देणाऱ्या संस्थेच्या यादीत नाव शोधा. विद्यापीठाची मान्यता अत्यावश्यक. तिच्याशिवाय सरकारी मदत, पुढचं शिक्षण आणि सरकारी नोकरी, तिन्ही अडतात. पत्रकारिता विभागाची स्वतंत्र मान्यता असेल तर बरं, नसेल तर केवळ तेवढ्यावरून चांगलं कॉलेज सोडू नका.

शिष्यवृत्ती मिळवताना काय लक्षात ठेवू?

पहिल्या वर्षीची मोठी रक्कम बघून हुरळून जाऊ नका, ती पुढच्या वर्षी कोणत्या अटीवर चालू राहते ते वाचा. ठरावीक गुणांच्या खाली गेल्यावर बंद होणार असेल, तर विज्ञानाच्या एका अवघड सत्रात ती जाऊ शकते. विभागाच्या स्वतःच्या छोट्या शिष्यवृत्त्यांना अर्ज कमी येतात, त्या सोडू नका. उत्पादक संघ, सहकारी संस्था, पत्रकारांच्या संघटना यांच्याकडेही चौकशी करा.

एखादी कंपनी फी भरून देते आणि बदल्यात काही वर्षं तिच्याकडे काम करण्याचा करार मागते, असंही घडतं. ज्याला कंपनीच्या संवाद विभागातच जायचं आहे त्याने तो विचारपूर्वक घ्यावा. ज्याला पत्रकार व्हायचं आहे त्याने घेऊ नये. ज्या उद्योगावर उद्या लिहायचं, त्याचं देणं डोक्यावर नसलेलं बरं.

सगळ्यात उपयोगी मदत मला वेगळीच वाटते: विद्यापीठाच्या प्रसिद्धी किंवा विस्तार विभागात अर्धवेळ काम. त्यात पैसे मिळतात आणि नावानिशी मजकूरही छापून येतो.

कर्ज किती काढावं?

साधा आडाखा असा: सगळं मिळून कर्ज पहिल्या वर्षाच्या अपेक्षित पगारापेक्षा जास्त होऊ देऊ नका. आणि तो पगार कॉलेजच्या पत्रकातून घेऊ नका, नुकत्याच नोकरीला लागलेल्या दोन-तीन जणांना विचारा. वृत्तपत्रातली सुरुवात बहुधा कमी पगारावर होते. कंपन्या आणि मोठ्या संस्था जास्त देतात. हप्ता मोठा असेल तर मनात पत्रकारिता असूनही माणूस पगाराच्या मागे दुसरीकडे वळतो. असे हुशार वार्ताहर मी गमावलेले पाहिले आहेत, म्हणून या उत्तराबाबत मी थोडी आग्रही आहे.

कॉलेज बघायला गेल्यावर काय विचारू?

विद्यार्थ्यांनी लिहिलेले अलीकडचे अंक किंवा कार्यक्रम बघायला मागा. मग एखादा लेख उचला आणि त्यातल्या आकड्यांकडे नीट बघा. ‘उत्पादन २५ टक्के वाढलं’ असं लिहिलं असेल तर कशाच्या तुलनेत, किती प्लॉटवर, किती हंगामांत, हे त्यात आहे का? १२ क्विंटलचे १५ झाले की २५ टक्के होतात, आणि एकाच शेतात एकाच चांगल्या पावसाच्या वर्षी हे घडलं असेल तर त्यातून फारसं काही सिद्ध होत नाही. शिकवणाऱ्यांनी हे प्रश्न विद्यार्थ्याला विचारलेत की नाही, ते छापलेल्या लेखातून लगेच कळतं.

नंतर शेवटच्या वर्षाच्या मुलांना शिक्षकांपासून दूर गाठा. शेवटची शेतभेट कधी झाली, लेखनावर शिक्षक लाल शाई किती वापरतात, इंटर्नशिप कोणी मिळवून दिली. तासाभराच्या अशा गप्पा कॉलेजच्या अधिकृत सादरीकरणापेक्षा जास्त सांगून जातात.

महागडा कॅमेरा, लॅपटॉप लागतो का?

नाही. चालू फोन, कपड्याला लावायचा साधा माइक आणि वाऱ्यासाठी त्यावर फोमची टोपी. शेतात वारा असतोच, आणि टोपीशिवाय घेतलेली मुलाखत नुसत्या घोंघावण्यात वाया जाते. बाकी साधनं कॉलेजातून मिळायला हवीत.

घरी शेती नाही. जमेल का?

जमेल. घरी शेती असलेल्यांना आपल्या पिकाचं कळतं, पण तेच सगळ्यांचं असं वाटण्याचा धोकाही असतो. तुम्हाला प्रत्येक गोष्ट विचारावी लागेल, आणि तुमचा वाचकही तेच प्रश्न विचारत असतो. फक्त एक हंगाम एकाच शेतावर जात राहा, पेरणीपासून काढणीपर्यंत. मधेच एकदा जाऊन फोटो काढून येण्याने शेती कळत नाही.

इंग्रजीत शिकावं की आपल्या भाषेत?

संशोधन वाचण्यापुरतं इंग्रजी हवंच. पण शेतकऱ्यासाठी लिहायचं तर त्याच्या तोंडची भाषा हवी. तणाचं, किडीचं, मातीच्या प्रकाराचं स्थानिक नाव माहीत नसलेला लेख शास्त्रीयदृष्ट्या अचूक असूनही वाचकाच्या हाती लागत नाही. कॉलेज निवडताना त्या भाषेत लिहून घेणारे शिक्षक आहेत का, ते बघा.

पदवीनंतर काम कुठे मिळतं?

वृत्तपत्रं आणि कृषी मासिकं, रेडिओ, दूरचित्रवाणी, विद्यापीठांचे विस्तार विभाग, सहकारी संस्था, बियाणं-खतं-यंत्रांच्या कंपन्या, अन्नप्रक्रिया उद्योग, बँकांचे ग्रामीण विभाग, संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि तिच्यासारख्या संस्था. व्हिडिओतून शेतकऱ्यांना शेतकऱ्यांकडूनच शिकवणाऱ्या संस्थांतही जागा असतात. भारतात सुरू झालेली डिजिटल ग्रीन ही त्यातली एक. मुलाखतीत पदवीपत्राआधी तुमचं छापून आलेलं काम मागतात. दुसऱ्या वर्षापासूनच कात्रणं आणि दुवे एका जागी जमवत चला.

अजून ठरत नाहीये. फी भरण्याआधी काय करून बघू?

जवळच्या एका शेतावर जा. त्या शेतकऱ्याचा या हंगामातला एकच निर्णय निवडा: वाण का बदललं, पाणी किती दिवसांनी दिलं, माल कुठे विकला. चारशे शब्द लिहा. एखाद्या कृषी अभ्यासकाकडून चुका काढून घ्या. मग तो कागद घेऊन परत त्याच शेतावर जा आणि शेतकऱ्याला मोठ्याने वाचून दाखवा. तो कुठे थांबवतो, कुठे “असं नाही, मी असं म्हणालो होतो” म्हणतो, ते लिहून घ्या आणि मजकूर पुन्हा लिहा. दुसऱ्यांदा लिहिताना कंटाळा आला की हुरूप आला, ते बघा, आणि त्यानंतरच प्रवेशाचा अर्ज भरा.